‘आज्ञा पाळीन’ या दोन शब्दांविषयी

राहुरी तालुक्यातून एका वाचक भगिनींचे दीर्घ पत्र आले आहे. त्या ५७ वर्षांच्या आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. त्यांची मुलगी २८ वर्षांची असून पुण्यात नोकरी करते. तिचे लग्न त्यांच्याच ख्रिस्ती मंडळीतील (चर्चमधील) एका मुलाशी ठरले आहे आणि मुलाचे वडील मंडळीचे पंच आहेत. पाळकसाहेबांनी दोघांना लग्नापूर्वीच्या मार्गदर्शनासाठी बोलावले आणि विवाहविधीचे जुने पुस्तक हाती दिले, तेव्हा वधूच्या वचनातील ‘आज्ञा पाळीन’ या शब्दांवर मुलगी थांबली. पत्रातील महत्त्वाचा भाग असा :

“ती म्हणाली, प्रेम करीन, मान देईन, आजारपणात सांभाळीन, हे सगळे मी म्हणेन, पण आज्ञा मुलांनी पाळायची असते, नाहीतर नोकरांनी. मी त्याची बायको होणार आहे. मुलगा चांगला आहे. तो म्हणतो, ‘दोन शब्दांचे एवढे काय, म्हणून टाक, मी काय तुला हुकूम सोडणार आहे?’ त्याच्या वडिलांना मात्र हे स्त्रीमुक्तीचे वारे वाटते आणि देवाच्या वचनाविरुद्ध आहे असे ते म्हणतात. आमचे हे म्हणतात, मायलेकी काय ते ठरवा. मी १९९३ साली हेच शब्द म्हटले होते. ह्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही, पण पगार झाला की माझ्या सहीची स्लिप घेऊन बँकेत तेच जात. माझे पासबुक मी नीट पाहिले ते नोटाबंदीच्या रांगेत, २०१६ साली. मुलगी मला म्हणाली, ‘आई, तू गुलामीत जगलीस.’ ते लागले मनाला. ती चुकते आहे का? आणि ती चुकत नसेल, तर मी इतकी वर्षे काय केले?”

प्रिय भगिनी, सलाम.

तुम्ही दोन प्रश्न विचारले आहेत आणि दुसरा पहिल्यापेक्षा जड आहे. तरीही पहिल्यापासून सुरुवात करते, कारण तो सुटल्याशिवाय दुसऱ्याकडे नीट पाहता येणार नाही.

तुमची मुलगी चुकत नाही. ती जे म्हणते ते श्रद्धेबाहेरून आणलेले आहे असेही मला वाटत नाही. उलट, या सगळ्या माणसांमध्ये त्या वचनाकडे सर्वांत गंभीरपणे पाहणारी तीच एक दिसते. होणारे जावई भले गृहस्थ असतील, पण ‘म्हणून टाक’ हा त्यांचा सल्ला मला पटत नाही. देवासमोर आणि मंडळीसमोर दिलेला शब्द म्हणून टाकायचा नसतो. तुमचे बोलणे होय तर होय आणि नाही तर नाही असे असावे, हे प्रभूने डोंगरावरील प्रवचनात शपथांविषयी बोलतानाच सांगितले आहे. जो शब्द पाळण्याचा आपला विचार नाही तो वेदीसमोर उच्चारायचा नाही, एवढेच तर ती मुलगी म्हणते आहे. आणि शब्दांना काही अर्थच नसेल, तर ते गाळायला तरी हरकत कसली?

आता पंचसाहेबांच्या ‘वचनाविरुद्ध’ या आक्षेपाकडे येऊ. तो आदराने ऐकण्यासारखा आहे. पतीला कुटुंबाचे मस्तक मानणारे आणि त्या समजुतीनुसार बायकोशी अत्यंत मायेने वागणारे कितीतरी लोक मी आपल्या मंडळ्यांतून पाहिले आहेत, त्यामुळे त्यांना जुलमी ठरवणे मला मान्य नाही. परंतु ते ज्या शास्त्रवचनाचा आधार घेतात ते उघडून पाहावे. पवित्र शास्त्रात प्रेषित पौलाने इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्त्रियांना पतीच्या अधीन असण्यास सांगितले आहे, तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘हुपोतासो’ हे क्रियापद आहे. पुढच्याच अध्यायात मुलांना आईबापांची आणि दासांना धन्याची आज्ञा पाळायला सांगितली आहे, आणि त्या दोन्ही ठिकाणी ‘हुपाकुओ’ हे वेगळे क्रियापद वापरले आहे. म्हणजे आज्ञा मुलांनी पाळायची असते आणि नोकरांनी, हे तुमच्या मुलीचे वाक्य पौलाच्या शब्दयोजनेशी जवळजवळ जसेच्या तसे जुळते. तिने ग्रीक शिकले नसावे. तिच्या तोंडून ते आपसूक निघाले.

याहून मोठी गोष्ट त्याच पाचव्या अध्यायाच्या २१व्या ओवीत आहे. ख्रिस्ताविषयीच्या आदराने एकमेकांच्या अधीन व्हा, असे पौल आधी सर्वांनाच सांगतो आणि मगच बायकांकडे वळतो. सर्वांत जुन्या मानल्या जाणाऱ्या काही हस्तलिखितांत २२व्या ओवीला स्वतःचे क्रियापदच नाही. ते २१व्या ओवीतून उसने घेतलेले आहे. आपल्याकडे लग्नात हा उतारा बहुधा २२व्या ओवीपासून वाचायला घेतात आणि वाक्याचे शेपूट तेवढे ऐकू येते. त्यातही बायकांसाठी तीन ओव्या आहेत, तर नवऱ्यांसाठी त्यांच्या जवळजवळ तिप्पट. त्या काळच्या रोमी घरात बाप हाच सर्वेसर्वा होता, बायकामुलांनी आणि गुलामांनी ऐकायचे हे वेगळे सांगावेही लागत नव्हते. अशा घरातल्या पुरुषाला, ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला दिले तसा तू बायकोसाठी स्वतःला दे, असे सांगितले गेले, तेव्हा त्या दिवाणखान्यात काय शांतता पसरली असेल याची मी पुष्कळदा कल्पना करते.

प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पंचसाहेब ती सांगतील आणि ते बरोबर असतील. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात साराने अब्राहामाची आज्ञा पाळली असे म्हटले आहे आणि तिथे ‘हुपाकुओ’ हेच क्रियापद आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र सारेची गोष्ट ज्या उत्पत्तीच्या पुस्तकातून आली, त्याच्याच २१व्या अध्यायात देव अब्राहामाला सांगतो की सारा जे म्हणेल ते तू ऐक. (ती सांगत होती ते दासी हागारेला घराबाहेर घालवण्याविषयी, तेव्हा प्रसंग काही आदर्श नव्हे, पण ऐकण्याची पाळी नवऱ्यावरही येते, एवढे त्यातून दिसते.) ज्या घरात दोघांनीही एकमेकांचे ऐकल्याची नोंद आहे, त्या घराचा दाखला देऊन एकीकडूनच आज्ञापालनाची शपथ घ्यावी, हे मला न्यायाचे वाटत नाही.

मग हे शब्द विवाहविधीत आले कुठून? ते इंग्लंडच्या मंडळीच्या प्रार्थनापुस्तकातून आले. १५४९ च्या पहिल्या आवृत्तीत वराने प्रेम करण्याचे आणि जपण्याचे वचन द्यावे आणि वधूने त्यात आज्ञा पाळण्याची भर घालावी, असा विधी होता. १६६२ च्या आवृत्तीतही तो तसाच राहिला. त्या मंडळीशी नाते असलेल्या अमेरिकेतील एपिस्कोपल मंडळीने १९२८ च्या प्रार्थनापुस्तकात तो शब्द काढून टाकला. खुद्द इंग्लंडमध्ये राजकन्या एलिझाबेथने १९४७ साली तो उच्चारला आणि १९८१ साली डायनाने उच्चारला नाही. त्या लग्नाचे पुढे जे झाले त्याचे खापर त्या एका शब्दावर अजून कोणी फोडलेले माझ्या ऐकिवात नाही. वसईचे किंवा गोव्याचे आपले कॅथलिक बांधव ज्या विधीने लग्न लावतात, त्यात वधू आणि वर एकच वचन देतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८८ मध्ये स्त्रियांच्या प्रतिष्ठेविषयी लिहिलेल्या पत्रात इफिसकरांसच्या याच उताऱ्याचा अर्थ परस्परांनी परस्परांच्या अधीन होणे असा लावला आहे, आणि त्याच पोपने १९९४ मध्ये स्त्रियांना याजकपदाची दीक्षा देण्याचा अधिकार मंडळीला नाही असेही ठामपणे सांगितले. तेव्हा त्यांना स्त्रीमुक्तीवाले म्हणण्याची सोय नाही. देशाचा कायदाही आज्ञापालन मागत नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात निबंधकासमोर उच्चारायचे जे शब्द दिले आहेत, त्यात वधू आणि वर दोघेही, मी तुला माझी विवाहित पत्नी किंवा पती म्हणून स्वीकारतो वा स्वीकारते, एवढेच म्हणतात.

‘स्त्रीमुक्तीचे वारे’ या शब्दांवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण हे वारे पुण्याच्या कंपन्यांतून आताच सुटले अशी पंचसाहेबांची समजूत दिसते. पंडिता रमाबाईंचा २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा झाला आणि दोनच वर्षांत त्या मंडळीच्या अधिकाऱ्यांशी वाद घालत होत्या. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या शिकत आणि शिकवत असताना, त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावे असा प्रस्ताव निघाला, तेव्हा मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. स्त्रीने पुरुषांना शिकवणे हिंदुस्थानातील लोकांना रुचणार नाही, असे कारण दिले गेले. गंमत पाहा, बंगालपासून आसामपर्यंत पुरुषांनी भरलेल्या सभांपुढे संस्कृतात बोललेल्या बाईला हिंदुस्थानी लोकांना काय रुचेल हे इंग्रज धर्मगुरू समजावत होते! माझ्या आईने पुरुषांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, मग तुम्ही का घेता, अशा आशयाचे उत्तर त्यांनी पाठवले. हिंदुस्थानातल्या पुरोहितांच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, ते तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्यासाठी नव्हे, असेही त्यांनी आपल्या धर्ममातेला, सिस्टर जेराल्डिन यांना लिहिले. तरीही त्यांनी ख्रिस्ताला सोडले नाही. केडगावला (आपल्या नगरजवळच्या नव्हे, दौंड तालुक्यातल्या) त्यांनी मुक्ती मिशन उभे केले, हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि त्या शास्त्राची अक्षरे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तिथल्या बायकांनी केली. देवाचे वचन कोणी वाचावे, कोणी समजावून सांगावे आणि कोणी छापावे, या तिन्ही प्रश्नांना त्या छापखान्यात एकदमच उत्तर मिळाले होते.

तुमच्या राहुरीचेच उदाहरण हवे असेल तर लक्ष्मीबाई टिळक आहेत. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा पतिव्रता धर्म म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, वेगळ्या राहिल्या, सोवळे सांभाळले, आणि पाच वर्षांनी स्वतःला पटले तेव्हा स्वतःच्या पायांनी ख्रिस्ताकडे आल्या. नवऱ्याची आज्ञा म्हणून त्या पहिल्याच वर्षी आल्या असत्या, तर मराठी ख्रिस्ती समाजाला एक आज्ञाधारक सून मिळाली असती आणि लक्ष्मीबाई मिळाल्या नसत्या.

तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक वाक्य आहे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटले. तुमचे आजेसासरे येसकरकी आणि गावकीची कामे सोडून ख्रिस्ती झाले, असे तुम्ही लिहिले आहे. वेशीवर उभे राहून ‘जोहार मायबाप’ म्हणायचे आणि सांगतील ते काम करायचे, हे ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आले, त्या माणसांनी मान वर करून ‘सलाम’ म्हणायला सुरुवात केली. त्यांनाही तेव्हा गावातल्या शहाण्यांनी सांगितले असेल की हा नवा वारा आहे, रीत मोडू नका, पाटील काय तुम्हांला मारतो का! दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हेही इफिसकरांसच्याच पत्रात आहे, आणि ते वाक्य हाती धरून अमेरिकेत कित्येक धर्मोपदेशकांनी गुलामगिरीचे समर्थन केले होते. आज ते वाक्य आपण त्या काळच्या समाजाला दिलेली सूचना म्हणून वाचतो, सर्वकाळचा नियम म्हणून नव्हे. मग त्याच्या आधीच्याच अध्यायातले वाक्य तेवढे दगडावर कोरलेले कसे, हा प्रश्न तुमच्या घराण्यातल्या मुलीला पडला नसता तरच नवल होते. पंचसाहेबांचे आजोबाही बहुधा त्याच वेशीवरून आलेले असतील. त्यांच्याशी बोलताना वाद घालू नका, त्यांच्या आजोबांची गोष्ट विचारा.

स्त्रीवादाचा एक आक्षेप तर मंडळीने कान पकडून ऐकला पाहिजे. या सदराकडे अशी पत्रे आली आहेत, ज्यांत मार खाणाऱ्या बाईला वडीलधाऱ्यांनी ‘अधीन’ या शब्दाचा दाखला देऊन परत पाठवले होते आणि हा तुझा वधस्तंभ आहे, तो उचल, असे सांगितले होते. वधस्तंभ दुसऱ्याच्या पाठीवर ठेवायची परवानगी शास्त्रात कुठेही नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, तो ख्रिस्ती बाईने वापरणे म्हणजे अविश्वास नव्हे. आपल्याच घटस्फोटाच्या कायद्यात १८६९ पासून असा भेद होता की नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणे पुरे होते, बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर बहुतेक वेळा क्रूरता किंवा त्यागही सिद्ध करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने १९९७ मध्ये ती तरतूद अग्राह्य ठरवली आणि २००१ मध्ये संसदेने कायदा बदलला. इतकी वर्षे तो भेद डोळ्यांसमोर असताना आपल्या किती व्यासपीठांवरून त्याविषयी उपदेश झाला होता, हे आपण स्वतःलाच विचारावे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. मुलीने ‘गुलामी’ हा शब्द वापरला तो मला आवडला नाही, आणि ती हे सदर वाचत असेल तर तिने हा परिच्छेद दोनदा वाचावा. ज्या बाईने ३० वर्षांहून अधिक काळ वर्गात उभे राहून शेकडो मुलांना अक्षरे शिकवली, जिच्या पगारावर घर उभे राहिले आणि जिने मुलीला पुण्याला पाठवले, तिच्या आयुष्याला एका शब्दात निकालात काढणे हा स्त्रीवाद नव्हे. आधीच्या पिढीतल्या बाईचे श्रम न दिसण्याची ती जुनीच सवय आहे, फक्त या वेळी ती मुलीच्या तोंडून बोलते आहे. सेवा करणे, वाट पाहणे, क्षमा करणे यांत तुम्हांला जे मिळाले ते खोटे नव्हते. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, तेव्हा सेवेला त्याने बायकांचे काम राहू दिले नाही, पण हलके कामही ठरवले नाही.

तरीही, भगिनी, पासबुकाविषयी मी तुमचे सांत्वन करणार नाही. त्या रांगेत तुम्हांला जे वाटले ते तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, नुसते साल लिहिले आहे, आणि नऊ-दहा वर्षांनंतरही ते साल तुम्हांला आठवते. तुमचे यजमान वाईट नव्हते आणि तुम्हीही मूर्ख नव्हत्या. त्या वचनाचा अर्थ दोघांनाही तसाच शिकवला गेला होता, आणि स्वतःच्या पैशाकडे पाहण्याची गरज नाही असे तुम्हांला वाटत राहिले. शास्त्रात वाखाणलेली सद्गुणी स्त्री मात्र, नीतिसूत्रांच्या ३१व्या अध्यायात, शेत पाहते, विचार करते, विकत घेते आणि आपल्या कमाईतून द्राक्षमळा लावते. तिथे नवऱ्याची सही घेतल्याचा उल्लेख नाही. महिला मंडळात हा अध्याय आपण दर वर्षी वाचतो आणि सोळाव्या ओवीवरून पटकन पुढे जातो, पहाटे उठून घरच्यांना अन्न देण्याच्या पंधराव्या ओवीवर मात्र हमखास थांबतो. पुढच्या वर्षी निवृत्तीची रक्कम हाती येईल. ती कोणत्या खात्यात, कोणाच्या नावे, किती काळासाठी ठेवायची, हे बँकेत जाऊन तुम्ही स्वतः विचारा आणि यजमानांना सोबत न्या. ते बरोबर येतील, असे तुमच्या पत्रावरून मला वाटते.

लग्नाचे म्हणाल, तर पाळकसाहेबांकडे मुलगी, जावई आणि तुम्ही, असे तिघे जा, आणि हे निमंत्रणपत्रिका छापण्यापूर्वी करा. आदल्या आठवड्यात काढलेला विषय हट्टासारखा दिसतो. जुन्या पुस्तकाखेरीज मंडळीने मान्य केलेला दुसरा विधी आहे का आणि त्यात दोघांसाठी समान वचन आहे का, एवढेच विचारा. स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देणाऱ्या मंडळ्या आज आपल्या भोवती आहेत, तेव्हा पाळकसाहेबांना हा प्रश्न अगदी नवा नसणार. दुसरा विधी नसेल, तर ‘आज्ञा पाळीन’ हे शब्द जावयांनीही म्हणावेत, अशी सूचना करून पाहा. एकमेकांच्या अधीन होण्याचा तो सरळ अर्थ आहे, आणि ‘दोन शब्दांचे एवढे काय’ असे म्हणणाऱ्या तरुणाला ते जड जाऊ नये. ते म्हणताना त्यांची जीभ अडखळली, तर मुलीची का अडखळली हे त्यांना तिथेच कळेल.

मुलीलाही एक सांगा. दोन शब्द गाळून घेतले की काम झाले असे तिने समजू नये. बदली झाली तर कोण कोणामागे जाणार, दोघांच्या पगाराचे काय करायचे, तुम्ही आणि यजमान थकल्यावर तुमच्याकडे कोणी पाहायचे, पहिल्या मुलानंतर नोकरीचे काय, हे त्या दोघांनी आताच बोलून घ्यावे. आज्ञा बहुतेक घरांत उच्चारली जात नाही, ती अशाच गोष्टींतून न बोलता पाळून घेतली जाते.

आणि पाळकसाहेबांना आणखी एक विनंती करा, की त्या दिवशी इफिसकरांसचा पाचवा अध्याय २१व्या ओवीपासून वाचला जावा. उतारा वाचायला कोण उभे राहणार हे अजून ठरले नसेल, तर तुम्ही उभ्या राहा.